सारखेपणाची अट

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या बटाट्याच्या शेतांत १९४७ साली लेविट अँड सन्स या कंपनीने सैन्यातून परतलेल्या जवानांसाठी भाड्याची घरे बांधायला घेतली. भाडे महिना साठ डॉलर. त्या भाडेकरारातले २५ वे कलम ठळक अक्षरांत छापलेले होते. कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाच्या माणसांखेरीज कोणालाही या जागेत राहू देणार नाही, असे भाडेकरूने त्यात लिहून द्यायचे होते. पुढे एक सवलत दिलेली होती : घरकामाला इतर वंशाची माणसे ठेवली तर चालतील. वस्तीचे बाकीचे नियमही असेच सविस्तर होते. अंगणाला कुंपण घालायचे नाही. कपडे वाळत घालायचे ते फिरत्या स्टँडवरच, दोरीवर नाही, आणि शनिवार-रविवारी तर मुळीच नाही. हिरवळ दर आठवड्याला कापायची. हयगय झाली तर कंपनीचा माणूस येऊन कापणार आणि बिल तुमच्या नावावर लागणार.

युद्धानंतरच्या अमेरिकेतल्या या सारखेपणाबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. सारखी घरे, सारख्या गाड्या, सारखे कपडे घालून सकाळी गाडी पकडणारे नवरे आणि स्वयंपाकघरात सारखी यंत्रे चालवणाऱ्या बायका. बहुतेक वेळा त्याचा दोष माणसांच्या मनाला दिला जातो. पोट भरले, टीव्ही आला, माणसे सुस्तावली आणि शेजाऱ्याकडे बघून जगू लागली, असा त्या विवेचनाचा सूर असतो. मला हे निदान चुकीचे वाटते. तिथला सारखेपणा सुबत्तेच्या मागून आलेला नव्हता. सुबत्ता मिळवायची तर आधी तो पत्करावा लागत होता. भाडेकरारात, गृहकर्जाच्या नियमांत आणि नोकरीच्या चौकशीत ती अट लिहून ठेवलेली होती, आणि त्या कागदांना सरकारी तिजोरीची हमी होती.

आधी सुबत्तेबद्दल बोलले पाहिजे, कारण तिला नाक मुरडणे फार सोपे आहे. सुमारे १ कोटी ६० लाख अमेरिकन माणसे त्या युद्धात गणवेशात होती. ती परतली तेव्हा राहायला जागा नव्हती. त्याआधीच्या महामंदीत आणि नंतर युद्धात घरबांधणी जवळजवळ थांबलेली होती. नवी जोडपी आईवडिलांच्या घरातल्या एका खोलीत संसार करत होती, लष्कराच्या पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांत राहत होती. शिकागोत जुन्या ट्रामचे २५० डबे राहण्यासाठी विकले गेले. अशा माणसाला दोन झोपायच्या खोल्या, चालू फ्रीज आणि मुलांना खेळायला अंगण मिळाले, तर त्याने त्याचा आनंद का मानू नये? ट्रामच्या डब्यात पाळणा टांगणाऱ्या बाईला पुढे लेविटसारख्या कंपनीच्या घरात वॉशिंग मशीन मिळाले, त्यात तिच्या अभिरुचीची परीक्षा घेण्यासारखे काही नाही.

आणि ही सुबत्ता आपोआप आलेली नव्हती. जून १९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच, रूझवेल्ट यांनी परतणाऱ्या जवानांसाठीच्या कायद्यावर सही केली. 'जीआय बिल' म्हणून तो ओळखला जातो. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख जवानांनी त्याखाली शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले. १९५२ पर्यंत जवळपास २४ लाख गृहकर्जांना त्याच कायद्याखाली सरकारी हमी मिळाली. १९५६ च्या महामार्ग कायद्याने ४१,००० मैलांचे रस्ते मंजूर केले आणि त्यातला नव्वद टक्के खर्च संघराज्य सरकारने उचलला. हे रस्ते नसते तर शहराबाहेरच्या घरात राहून शहरात नोकरी करणे शक्यच नव्हते. पन्नाशीच्या दशकाचा बराचसा काळ आयकराचा सर्वांत वरचा दर ९१ टक्के होता. मोटार कामगारांच्या संघटनेने १९५० साली जनरल मोटर्सशी पाच वर्षांचा करार केला, त्यात महागाईनुसार पगारवाढ होती, निवृत्तिवेतन होते. कायदा, कर, संघटना आणि उसळलेला बाजार या सगळ्यांनी मिळून तो मध्यमवर्ग घडवला. १९४० साली स्वतःच्या घरात राहणारी कुटुंबे शेकडा ४४ होती, १९६० साली ती शेकडा ६२ झाली. एका पिढीत इतका फरक पडणे ही मोठी गोष्ट आहे आणि ती सरकारने ठरवून केली, हे मला महत्त्वाचे वाटते. पैसा सार्वजनिक होता म्हणूनच त्याच्या अटींचा हिशेब मागता येतो.

आता पुन्हा त्या बटाट्याच्या शेतात जाऊ. लेविट यांची पद्धत कारखान्याची होती, फक्त इथे माल जागच्या जागी राहायचा आणि कामगार पुढे सरकायचे. ट्रक दर साठ फुटांवर एका घराचे सामान टाकत जाई. तळघर नाही, थेट काँक्रीटच्या पायावर घर. बांधकाम सत्तावीस टप्प्यांत तोडलेले, आणि प्रत्येक टोळीने आपला एकच टप्पा घरामागून घर करत जायचे. भरात असताना दिवसाला तीसहून जास्त घरे उभी राहत. १९४९ मध्ये घरे विकायला काढली तेव्हा किंमत होती ७,९९० डॉलर. जवानाला सुरुवातीला काही भरावे लागत नव्हते आणि हप्ता भाड्यापेक्षा थोडा कमीच पडत होता. त्या मार्चमध्ये एकाच दिवशी १,४०० करार झाले. काही कुटुंबे चार दिवस रांगेत उभी होती. १९५१ पर्यंत तिथे १७,४४७ घरे झाली आणि वस्तीचे नाव पडले लेविटटाउन.

घर बांधणे खासगी होते, पण जोखीम सरकारची होती. संघराज्याचे गृहनिर्माण प्रशासन, म्हणजे एफएचए, कर्जाची हमी देत होते, म्हणून बँका पैसे सोडत होत्या, म्हणून लेविट यांना इतक्या प्रमाणावर बांधता येत होते. हे प्रशासन १९३४ सालचे. कोणत्या वस्तीतले कर्ज सुरक्षित हे ठरवण्यासाठी त्याची एक मार्गदर्शक पुस्तिका होती. वस्ती स्थिर राहायची असेल तर तिथली घरे त्याच सामाजिक आणि वांशिक वर्गाच्या लोकांकडे राहिली पाहिजेत, असे १९३८ च्या आवृत्तीत सरळ सांगितले आहे. सरकारी मूल्यांकन करणारा अधिकारी हेच नजरेसमोर ठेवून आकडा लिहीत असे. शेजारी वेगळ्या रंगाचा आला की घराची किंमत पडते, हा समज बाजारात आधीपासून असेलही. सरकारने त्या समजावर शिक्का मारला आणि तो खरा करून दाखवला. कर्ज मिळत नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही, गिऱ्हाईक येत नाही म्हणून किंमत पडते, आणि किंमत पडते म्हणून कर्ज मिळत नाही.

१९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'शेली विरुद्ध क्रेमर' या खटल्यात निकाल दिला की खरेदीखतातल्या अशा वांशिक अटींची अंमलबजावणी न्यायालये करून देणार नाहीत. पुढच्या वर्षी ते २५ वे कलम करारातून गेले. धोरण मात्र गेले नाही. वस्तीतल्या दोन कुटुंबांनी कृष्णवर्णीय मुलांना आपल्या अंगणात खेळायला बोलावले, म्हणून त्यांच्यावर घर सोडण्याची वेळ आणली गेली. मुलांनी कोणाबरोबर खेळायचे इथपर्यंत ती अट पोहोचली होती. हिरवळ किती वाढू द्यायची आणि अंगणात कोणाला येऊ द्यायचे, या दोन्ही गोष्टींवर देखरेख ठेवणारा घरमालक एकच होता. म्हणून मला हे दोन नियम वेगळे करून बघता येत नाहीत. नीटनेटकेपणाचे नियम वस्ती 'आपल्यासारख्यांची' आहे हे रोज दाखवत होते, आणि आपल्यासारखे कोण, हे २५ व्या कलमाने ठरवून दिले होते.

विल्यम लेविट यांनी याचे समर्थन उघडपणे केले. ते स्वतः ज्यू होते. आपल्या मनात वंशद्वेषाला जागा नाही, पण एका कृष्णवर्णीय कुटुंबाला घर विकले तर नव्वद-पंच्याण्णव टक्के गोरी गिऱ्हाइके येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. आपण घरांचा प्रश्न सोडवू शकतो किंवा वंशाचा प्रश्न सोडवायचा प्रयत्न करू शकतो, दोन्ही एकत्र करू शकत नाही, असे ते म्हणाले. हा युक्तिवाद ऐकायला व्यवहारी वाटतो आणि आजही अनेक ठिकाणी जसाच्या तसा वापरला जातो. पण तो टिकत नाही. त्या काळात घरासाठी माणसे चार-चार दिवस रांगेत उभी राहत होती. सरकारी हमीच्या सगळ्याच वस्त्यांना सारखा नियम लागू असता, तर त्या नव्वद टक्के गिऱ्हाइकांनी जायचे कुठे? ट्रामच्या डब्यात परत? गिऱ्हाइकाला निवडीला वाव होता तो सरकारने ठेवला म्हणून.

पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेविटटाउनमध्ये ऑगस्ट १९५७ मध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपे आपल्या मुलांना घेऊन राहायला आले. घर त्यांनी कंपनीकडून घेतले नव्हते, आधीच्या मालकाकडून घेतले होते. विल्यम मायर्स युद्धात सैन्यात होते, नोकरी करून कमावत होते, हप्ते भरू शकत होते. त्या वस्तीत राहण्यासाठी जे जे लागते ते सगळे त्यांच्याकडे होते. संध्याकाळ झाली की शेकडो लोक घरासमोर जमू लागले. दगड आले, खिडकीची काच फुटली, राज्याच्या पोलिसांना यावे लागले आणि त्रास देणाऱ्यांविरुद्ध न्यायालयाचा मनाईहुकूम मिळवावा लागला. शेजारच्या काहींनी, त्यांत एक ज्यू कुटुंब होते, उघडपणे त्यांची बाजू घेतली. त्यांनाही त्याची किंमत मोजावी लागली. 'लाइफ' मासिकाने एका रहिवाशाचे बोलणे छापले होते. माणूस बहुधा चांगला असेल, तो म्हणाला, पण त्याच्याकडे बघितले की मला माझ्या घराचे दोन हजार डॉलर कमी झालेले दिसतात.

या वाक्यावर मी बराच विचार केला आहे. बोलणाऱ्याच्या मनात द्वेष नसेलच असे मी म्हणत नाही. पण तो बोलला ते हिशेबाच्या भाषेत. त्याचे सगळे भांडवल त्या एका घरात अडकलेले होते, आणि त्या घराची किंमत शेजाऱ्याच्या रंगावर टांगलेली होती. साध्या, कष्टाळू माणसाला त्याच्या मुलाबाळांच्या भवितव्यासाठी दुसऱ्याच्या विरोधात उभे राहायला लावणारी ही व्यवस्था होती. तिला केवळ त्या माणसाचा कोता स्वभाव म्हणून सोडून दिले, की ती उभारणारे मोकळे सुटतात.

रंगाची अट सर्वांत ढळढळीत होती, पण एकटी नव्हती. हप्ता फेडायचा तर नोकरी टिकली पाहिजे, आणि नोकरी टिकायची तर माणूस 'स्वच्छ' दिसला पाहिजे. मार्च १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी संघराज्याच्या कर्मचाऱ्यांची निष्ठा तपासणारा आदेश काढला. एप्रिल १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांच्या आदेशाने समलैंगिकतेसारख्या गोष्टींनाही बडतर्फीचे कारण बनवले, आणि हजारो माणसे मुकाट्याने नोकरीतून गेली. फ्रँक कॅमेनी हा खगोलशास्त्रज्ञ १९५७ मध्ये लष्कराच्या नकाशा विभागातून असाच काढला गेला. तो मुकाट्याने गेला नाही, सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. विवाहित बाईची मिळकत कर्जाच्या हिशेबात पूर्ण धरायची नाही, ही बँकांची रीत होती. तिला कायद्याने आळा बसायला १९७४ साल उजाडले. घर असलेला माणूस कम्युनिस्ट होऊ शकत नाही, त्याला कामेच इतकी असतात, असे लेविट म्हणत. सिनेटर मॅकार्थी यांनाही हे पटत होते. कम्युनिस्टांची शोधाशोध सुरू करण्याआधी त्यांनी घरांच्या प्रश्नावरच्या संसदीय समितीत काम केले होते आणि सरकारी मालकीच्या घरांविरुद्ध मोहीम चालवली होती. घर, कर्ज आणि गप्प राहणे या तिन्हींचा संबंध त्या काळच्या सत्ताधाऱ्यांना नीट कळत होता. तो आपण आज विसरायचे कारण नाही.

२४ जुलै १९५९ रोजी मॉस्कोच्या सोकोल्निकी पार्कमधल्या अमेरिकन प्रदर्शनात उपाध्यक्ष निक्सन यांनी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना एक नमुना घर दाखवले. पिवळ्या रंगाच्या स्वयंपाकघरात उभे राहून दोघांचा वाद झाला. हे घर चौदा हजार डॉलरचे आहे, आमचा पोलाद कामगारही ते घेऊ शकतो, युद्धातून आलेले बहुतेक जवान दहा ते पंधरा हजारांत घर घेऊ शकतात, असे निक्सन यांनी सांगितले. त्या दिवशी अमेरिकेतले सुमारे पाच लाख पोलाद कामगार संपावर होते. पण मला जास्त खटकतो तो जवानांचा उल्लेख. मिसिसिपी राज्यातल्या तेरा शहरांत १९४७ साली जीआय बिलाखाली घर, धंदा आणि शेतीसाठी ३,२२९ कर्जांना हमी मिळाली. त्यांतली कृष्णवर्णीय जवानांची होती दोन. दक्षिणेत गोऱ्यांच्या बँका कर्ज देत नव्हत्या आणि कायद्याने निर्णय त्यांच्याच हातात ठेवला होता. न्यूयॉर्क आणि उत्तर न्यू जर्सीच्या परिसरातही ६७,००० हमीच्या कर्जांपैकी शंभरसुद्धा गोरेतरांना मिळाली नाहीत. मॉस्कोत दाखवलेले ते घर खरे होते. मिसिसिपीतला जो जवान त्याच युद्धात लढून आला होता, त्याच्यासाठी ते मॉस्कोइतकेच लांब होते.

त्या दशकातल्या टीकाकारांनी उपनगरांची खिल्ली उडवली, जाहिरातींच्या मोहजालाबद्दल लिहिले, दरवर्षी मॉडेल बदलून चालू गाडी जुनी ठरवण्याच्या कंपन्यांच्या युक्तीवर बोट ठेवले. यातले बरेच योग्य होते. १९५० मध्ये दहातल्या जेमतेम एका घरात टीव्ही होता आणि दशक संपताना जवळपास नऊ घरांत तो आला होता, तर त्याचा परिणाम होणारच. १९५८ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात बँक ऑफ अमेरिकाने न मागता साठ हजार लोकांच्या पत्त्यावर क्रेडिट कार्डे पाठवून दिली. लोकांना उधारीची चटक लावण्याचा हा उघड प्रयत्न होता. तरी त्या टीकेची नजर घराच्या आत होती, सोफ्यावर आणि पडद्यावर. घराबाहेर कोणाला ठेवले आहे, इकडे ती क्वचितच वळली. ग्राहक होणे म्हणजे मिंधे होणे, असे तिने गृहीत धरले.

ग्रीन्सबरोच्या चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना तसे वाटत नव्हते. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या त्या गावी ते वूलवर्थच्या दुकानात गेले. आधी त्यांनी टूथपेस्टसारख्या किरकोळ वस्तू घेतल्या, पैसे दिले, पावत्या घेतल्या. मग त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली. तिथे फक्त गोऱ्यांना वाढले जात होते. एका काउंटरवर आमचे पैसे चालतात, मग दुसऱ्यावर आम्ही का चालत नाही, हा त्यांचा प्रश्न होता आणि पावती हा त्यांचा पुरावा. उत्तर मिळाले नाही तेव्हा ते दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले, दुसऱ्या दिवशी आणखी जण आले, आणि जुलै अखेरीस त्या काउंटरवर सर्वांना वाढले जाऊ लागले. याआधी अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी वर्षभराहून जास्त काळ बसचे तिकीट न घेऊन तिथल्या बस कंपनीला घाईला आणले होते. ज्या खरेदीविक्रीच्या संस्कृतीला आपण गुंगीचे औषध म्हणतो, तिच्यातूनच या माणसांनी समतेचा दावा उभा केला.

अट बदलता येत होती, हे न्यू जर्सीत सिद्ध झाले. लेविट यांनी जून १९५८ मध्ये तिथल्या विलिंगबरो गावात तिसरी वस्ती काढली आणि तीही गोऱ्यांचीच राहील असे जाहीर केले. पण त्या राज्याने आदल्याच वर्षी कायदा केला होता की सार्वजनिक मदतीने उभ्या राहणाऱ्या घरांमध्ये भेदभाव करता येणार नाही. घरे खासगी आहेत, असा कंपनीचा बचाव होता. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये तो फेटाळला. एफएचएच्या हमीशिवाय ही वस्ती उभी राहू शकत नाही, म्हणजे तिला सार्वजनिक मदत आहे, म्हणजे कायदा लागू आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. कंपनीला कृष्णवर्णीय कुटुंबांना घरे विकावी लागली. गिऱ्हाईक पळून जाईल हे भाकीत तिथे खरे ठरले नाही, वस्ती बांधून झाली आणि विकलीही गेली. मालमत्ता, बाजार, घरांचा नकाशा सगळे तेच होते. सरकारी हमी काय मागते, एवढेच बदलले होते. १९४७ मध्ये ती दुसरे काही मागू शकली असती. म्हणून 'तो काळच तसा होता' हे उत्तर मी मान्य करत नाही.

देशभरासाठी घरविक्रीतल्या भेदभावावर बंदी यायला एप्रिल १९६८ उजाडला, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर आठवड्याभराने. त्या बंदीचा फायदा आपल्यालाही झाला, हे मराठी वाचकाने लक्षात घ्यावे. १९४६ च्या कायद्याने अमेरिकेत वर्षाला फक्त शंभर भारतीयांना स्थलांतराची मुभा होती. १९६५ नंतर दार उघडले आणि मराठी डॉक्टर, इंजिनीअर न्यू जर्सीच्या उपनगरांत घरे घेऊ लागले, ते कृष्णवर्णीयांच्या चळवळीने जिंकलेल्या कायद्यांच्या आधारावर. तिथल्या आपल्या मंडळींच्या गप्पांत कष्टाने घेतलेल्या घराची गोष्ट येते, आणि ती खरीच असते. त्या कष्टांच्या आधी कोणीतरी ग्रीन्सबरोच्या काउंटरवर बसले होते, हेही तिच्यात यायला हवे.

बंदी आली तोवर उशीर झाला होता. ७,९९० डॉलरची ती घरे आज कित्येक लाखांना विकली जातात, आणि मधल्या वाढीवर मुलांची कॉलेजे झाली, आजारपणे निभावली, वारसा मिळाला. ज्यांना १९४९ मध्ये रांगेतच उभे राहू दिले नाही, त्यांच्या नातवंडांकडे यातले काहीच आले नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबांची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबांची सुमारे ४५,०००. या तफावतीची कारणे अनेक आहेत, पण घर त्यातले मोठे कारण आहे, आणि त्याचा कागद सरकारी दप्तरात सापडतो.

इलिनॉयमधल्या एव्हन्स्टन शहराने २०२१ पासून याची भरपाई द्यायला सुरुवात केली आहे. १९१९ ते १९६९ या काळात शहरात राहिलेल्या कृष्णवर्णीयांना आणि त्यांच्या वारसांना २५,००० डॉलर, सुरुवातीला फक्त घरासाठी : खरेदीला, दुरुस्तीला किंवा कर्ज फेडायला. पैसा सुरुवातीला गांजाच्या विक्रीवरच्या करातून येत होता. वंश बघून पैसे देणे हाच भेदभाव आहे, असे म्हणत या योजनेला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. मला हा आक्षेप पटत नाही. वंश बघून कर्ज नाकारले ते सरकारी पुस्तिकेच्या आधारे. नुकसान ज्यांचे झाले त्यांनाच भरपाई देताना वंशाकडे डोळेझाक कशी करणार? रक्कम मला अपुरी वाटते आणि एका शहराच्या आवाक्यातले हे काम नाही. हमी वॉशिंग्टनने दिली होती, तेव्हा भरपाईही तिथूनच यायला हवी.